माप कुणाचं

कोडोली, ता. पन्हाळा
१४ डिसेंबर

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज परवा रात्री आला. फोटो बघितले, गाणं ऐकलं आणि उत्तरात नुसता अंगठा पाठवून मोबाइल बाजूला ठेवला. तुला वाटलं असेल, आत्याला पसंत पडलं. पसंत की नापसंत हे ठरवायलाच मला दोन दिवस लागले. आणि जे सांगायचं आहे ते मोबाइलवर एका बोटानं टाइप करून होण्यासारखं नाही. म्हणून आज शटर अर्धं ओढून, हिशेबाच्या वहीची मागची पानं घेऊन बसले आहे.

बाहेर उसाचे ट्रॅक्टर चाललेत. मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुढं टपावर साउंडचे बॉक्स. कारखाना सुरू झाला की आपल्या रस्त्याला रात्र नसते, हे तुला सांगायला नको. लहानपणी इथं राहायला आलीस की कानात कापूस घालून झोपायचीस. एक ट्रॅक्टर एक गाणं घेऊन येतो, ते वळणावर विरतं न विरतं तोवर दुसरा दुसरं घेऊन येतो. आज संध्याकाळी मी हूक लावता लावता मुद्दाम कान देऊन बसले. सात ट्रॅक्टर गेले. सातही गाण्यांत बाई होती. तिचे ओठ होते, कंबर होती, एका गाण्यात ती गाडी होती, एकात खायची वस्तू होती. सातांपैकी एकाही गाण्यात ती कुणाला काही सांगत नव्हती.

तू पाठवलेलं गाणं मी तीन वेळा ऐकलं. चार मिनिटांत तुझ्या वाट्याला एक हुंकार आलाय. बाकी सगळं तो गातो, तुझ्याबद्दल, तुझ्यासमोर, तू तिथं नसल्यासारखं.

या गाण्यात मुख्य नाचणारी म्हणून तुला घेतलं, जानेवारीत पन्हाळ्याच्या बाजूला शूटिंग आहे आणि ड्रेस आत्यानंच शिवायचा, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आठ वर्षं तू कथक शिकलीस. घुंगरांनी घोटे सोलवटायचे, तेव्हा इथं सुट्टीला येऊन खोबरेल लावून बसायचीस. तुझं नाव व्हावं असं तुझ्या आईबापाइतकंच मला वाटतं. म्हणून पत्र लिहायला घाबरत होते.

घाबरायला कारण आहे. २०२३ च्या जुलैमध्ये आयर्लंडची एक गायिका वारली, सिनेड ओ'कॉनर. तिच्यावर पेपरात लेख आला होता, त्याचं कात्रण मी ठेवलंय. ती विशीत असताना कंपनीतल्या साहेबांनी तिला सांगितलं, केस वाढव, आखूड कपडे घाल. तिनं जाऊन डोकं सफाचट करून घेतलं आणि तशीच जगभर गायली. पुढं २०१३ मध्ये तिनं मायली सायरस नावाच्या, वयानं लेकीसारख्या अमेरिकन गायिकेला उघडं पत्र लिहिलं. तुझ्या अंगावर पैसा करणाऱ्यांना तुझी पर्वा नाही, तुझा गळा पुरेसा आहे, असं तिचं सांगणं. त्या पोरीनं उत्तरात तिच्या मानसिक आजाराची थट्टा केली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोरीचा राग आला. नंतर विचार केला, मोठ्या बाईची काळजी लहान बाईच्या कानात जाईपर्यंत तिचं काय होतं? 'तू स्वतःला विकायला निघालीस' एवढंच तिला ऐकू येतं. तसं मला तुला म्हणायचं नाही, चिऊ. मी माझ्या शिलाईतून आणि माझ्या वयातून जे बघितलंय तेवढंच सांगते.

मी सोळाची होते तेव्हा 'सवाल माझा ऐका' हा सिनेमा येऊन वीस वर्षं होत आली होती. १९६४ चा सिनेमा. त्यातली सोळाव्या वर्षावरची लावणी तुला माहीत आहे, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लिहिली जगदीश खेबुडकरांनी, आपल्याच जिल्ह्यातला माणूस, पेशानं मास्तर. गायली सुलोचना चव्हाणांनी. लग्नाचा मांडव असो, जोतिबाची यात्रा असो, गणपती असो, कर्ण्यावर ती लावणी वाजायचीच. सुलोचनाबाई गाताना डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायच्या नाहीत, अंग जागचं हलायचं नाही, जे काय व्हायचं ते गळ्यातून व्हायचं. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं ते उगीच नाही. २०२२ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्या दिवशी मी मशीनला हात लावला नव्हता.

तर मी अकरावीला. कॉलेजला जायला स्टँडवर उभी राहिले की समोरच्या पानपट्टीवरून तीच लावणी शिट्टीवर यायची. शब्द नसायचे, नुसती चाल. शब्दांची तिथल्या पोरांना गरजच नव्हती. माझं वय त्यांना ठाऊक होतं. खाली बघून उभी राहायचे. कानशिलं गरम व्हायची. मग मी घरातून अर्धा तास लवकर निघून, चालत पुढच्या थांब्यावर जाऊन एसटी धरायला लागले. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पोरांची शिट्टी थांबली नसती, माझं कॉलेज थांबलं असतं.

आणि संध्याकाळी घरी मशीनवर बसले की मीच ती लावणी गुणगुणायचे. कारण ती मला आवडायची. सुलोचनाबाईंच्या तोंडून ऐकली की त्यातली पोर स्वतः बोलते. आपल्या वयाचं तिला भय आहे, मजा आहे, थोडा तोराही आहे. पानपट्टीवरून आली की ती बोलणारी पोर गायब व्हायची आणि उरायचं ते माझ्याकडं रोखलेलं बोट. गाणं एकच. तेव्हापासून कुठलंही गाणं कानावर पडलं की मी आधी बघते, यातली बाई बोलते आहे की बोलणारे दुसरेच आहेत.

तू म्हणशील, आत्याला जुनं ते सोनं वाटतं. नाही गं. जुन्या लावणीतलं बाईच्या तोंडचं बोलणं बहुतेक पुरुषांनीच लिहिलेलं आहे. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकरापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. वारणा ओलांडली की वाळवा तालुका लागतो, म्हणजे आपले शेजारीच. ब्राह्मणाचा मुलगा जातगोत सोडून तमाशात गेला, महार समाजातल्या पवळाबाईबरोबर उभा राहिला, याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. पवळानं काय सोडलं, तिला काय हवं होतं, असं विचारलं तर सांगणाऱ्याला दोन वाक्यांपुढं जाता येत नाही.

आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दोनदा राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली बाई, १९५७ आणि १९९० ला. दिवस भरले असताना बोर्डावर उभी होती, खेळातच कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा नाचायला बाहेर आली, ही गोष्ट आपल्याकडं अभिमानानं सांगतात. पोट रिकामं दिसल्यावर लोक गलबलले आणि त्यांनीच तिला विश्रांती घ्यायला लावली, असं गोष्टीच्या शेवटी येतं. लहानपणी ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा. आता दुसरंच मनात येतं. पोट भरलेलं दिसत होतं तेव्हा तिकीट काढून बसलेली ती सगळी माणसं काय बघत होती?

शैलजा पाईक नावाच्या बाई आहेत, पुण्यात येरवड्याला वाढलेल्या, अमेरिकेत इतिहास शिकवतात. तमाशातल्या दलित बायकांवर त्यांनी २०२२ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा पेपरात फोटो आला होता. इंग्रजी पुस्तक मला झेपलं नाही, पण त्यावर मराठीत जे छापून आलं ते वाचनालयातून आणून वाचलं. मला त्यातून जे कळलं ते असं की 'अश्लील' हा शिक्का नाचापेक्षा नाचणारीच्या जातीवर आधी बसतो. एकदा बसला की मग तिच्याशी कसंही वागायला गाव मोकळं होतं. कोल्हाट्याच्या, मांगाच्या, महाराच्या घरातली पोर नाचली तर ती बिघडलेली. तोच नाच सिनेमात चांगल्या घरच्या नटीनं केला तर कला.

आमच्या वयाच्या सगळ्यांनी 'पिंजरा' बघितला. १९७२, शांतारामबापूंचा. तमाशाचा फड गावाबाहेर घालवायला निघालेला मास्तर नाचणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो. आम्ही मास्तरासाठी रडलो. कागलच्या आनंद यादवांची 'नटरंग' मी फार उशिरा वाचली, सिनेमा आल्यावर. गुणा हा गडी माणूस, रग असलेला, आणि तो नाच्या होतो. बाईसारखं लचकावं लागलं म्हणून त्याचं घर तुटतं, गाव हसतं, पोरगा परका होतो. वाचताना पोटात तुटतं. पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ तशीच बसले होते. पुरुषाच्या वाट्याला आलं की ज्याची शोकांतिका होते, ते फडातल्या बायका रोज संध्याकाळी पावडर लावून करत होत्या, आणि त्यावर कादंबरी लिहावी असं क्वचितच कुणाला वाटलं.

'नटरंग' सिनेमा आला २०१० च्या जानेवारीत. माझ्या धंद्याचं वर्ष तिथून बदललं. त्याआधी आपल्याकडं शाळेच्या गॅदरिंगला कोळीगीत, शेतकरी नाच, फार तर गोंधळ. लावणी म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठी पडायची. सिनेमानंतर शिवलेल्या नऊवारीच्या ऑर्डरी सुरू झाल्या, पाचवी-सहावीच्या पोरींच्या. मला आनंदच झाला. ज्या नाचाला शंभर वर्षं नाकं मुरडली तो आमच्या पोरी शाळेच्या स्टेजवर करतात, हे चांगलंच होतं. नऊवारी अंगभर असते, काष्टा घातला की मांडी घाला, पळा, गिरकी घ्या, कुठं अडत नाही. मला ती शिवायला आवडते.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत एक बाई लेकीला घेऊन आली. पोर सात वर्षांची, दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेले. आईनं मोबाइल पुढं केला. गाणं 'चिकनी चमेली'. म्हणाली, अगदी असाच ब्लाउज पाहिजे ताई, मागं नुसती नाडी, आणि पुढं टक्स नीट घाला, उठाव दिसला पाहिजे. मी टेप घेतला. पोर हात पसरून उभी राहिली, तिला गुदगुल्या होत होत्या. छाती बावीस इंच. कंबर बावीस इंच. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बघत राहिले. टक्स घालायला तिथं काही नव्हतंच. मग मी आतून स्पंज लावला, चिऊ. स्पंज लावला, टक्स घातले, जर लावली आणि साडेतीनशे रुपये घेतले.

गॅदरिंगला मी गेले होते. ती पोर दुसऱ्या रांगेत होती. बाईंनी बसवलेल्या स्टेपा तिला पाठ होत्या. ओठ दाताखाली धरायची स्टेप होती, तिथं दातच नव्हते, तरी तिनं केली आणि मागून शिट्टी आली. पण प्रत्येक दोन स्टेपांच्या मधे तिचा डावा हात खांद्याकडं जायचा आणि ब्लाउजचा गळा वर ओढायचा. जर टोचत होती. पुन्हा स्टेप, पुन्हा गळा वर. गाणं संपेपर्यंत तिनं किती वेळा ओढला ते मी मोजलं नाही. तो गळा मी कापलेला होता.

त्या गाण्याची चाल आपलीच आहे, हे तुला माहीत असेल. २००६ मध्ये 'जत्रा' सिनेमात अजय-अतुलनी केलेलं गाणं. भरत जाधव आणि क्रांती रेडकर, दोघंही सारखाच धुडगूस घालतात, दोघंही घामाघूम. जत्रेतला धिंगाणा. २०१२ च्या 'अग्निपथ'साठी तीच चाल हिंदीत गेली तेव्हा जोडीतला गडी गळाला. राहिली एकटी बाई आणि तिच्याभोवती पुरुषांची गर्दी. हिंदीत ते गाणारी श्रेया घोषाल २०२५ मध्ये एका मुलाखतीत म्हणाली की पाच-सहा वर्षांच्या मुली अर्थ न कळता ते गाणं म्हणतात, तिला येऊन म्हणून दाखवतात, तेव्हा तिला लाज वाटते. मला ती बाई त्या दिवशी फार जवळची वाटली. २०१९ च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण खात्यानं टीव्ही वाहिन्यांना सांगितलं होतं की डान्सच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातल्या, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या स्टेपा करायला लावू नका. ती सूचना टीव्हीला होती. आमच्या मैदानातल्या मांडवाला कोण काय कळवणार? तिथं कापड बेतणारी मीच होते.

त्यानंतर मी लहान मुलींच्या कपड्याला टक्स घालत नाही. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली.

मग बंदी आणावी का, असं तुझ्या बाबानं मला एकदा विचारलं होतं. बंदीचं काय होतं ते आपण बघितलंय. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी आणली होती. फड उघड्यावर आले, पुढं ती उठवावी लागली. २००५ मध्ये आर. आर. आबांनी डान्स बार बंद केले. आपल्या तासगावचा साधा माणूस, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तारांकित हॉटेलांना ती बंदी लागू नव्हती. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, तोवर हजारो बायकांची रोजी गेलेली होती. समोर बसून नोटा उधळणाऱ्यांचं कुणाचं काय गेलं?

गौतमी पाटीलच्या नाचावरून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? तिच्या हावभावांवर आपल्याकडं प्रत्येकाला मत होतं, मलाही होतं. ती लावणी नव्हे, असं मी दुकानात बसून ठणकावून सांगत होते. तिनं माफीही मागितली. मग २०२३ च्या फेब्रुवारीत, ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून केलेलं चित्रण मोबाइलवर फिरलं. महिला आयोगानं दखल घेतली, गुन्हा नोंदला गेला. इथं माझ्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर पोरं एकमेकांना ते दाखवत होती. तिनं स्टेजवर काय केलं त्यावर बोलणारी सगळी तोंडं त्या आठवड्यात गप्प होती, आणि ठणकावून सांगणारी मीही गप्पच होते. म्हणून तुला पहिली गोष्ट विचारते ती ही: शूटिंगला कपडे बदलायची खोली कुठं आहे? तिला आतून कडी आहे का? खिडकी कुठं उघडते? बाई कुणी बरोबर असणार आहे का? हे आधी विचारून घे, लाजू नकोस.

शृंगाराला माझी ना नाही. तुझी आजी तुला आठवते तशी, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली, चार माणसांत मोठ्यानं न बोलणारी. गौरीच्या रात्री ती काय व्हायची ते तू बघितलं नाहीस. पुरुष सोप्यात झोपलेले, माजघरात पंधरा-वीस बायका, झिम्मा, फुगड्या, घागर घुमवणं, आणि मध्यरात्र उलटली की चावट गाणी. नवऱ्याची, दिराची, सासऱ्याची नक्कल करत ती अशी काही गाणी जोडायची की बायका पोट धरून लोळायच्या. तिथंही अंग होतं, रात्र होती, अंथरूण होतं. पण जोडणारी ती, म्हणणारी ती आणि हसणाऱ्या आम्ही. त्या चावटपणात कुणाची मान खाली गेली असं मला एकदाही आठवत नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. बाप, भाऊ, सवत, पाऊस, स्वतःचं दुखणं, नवऱ्याची आठवण, सगळं बायांनी स्वतः म्हटलेलं. बायकांकडं बोलायला काही नव्हतं असं कुणी म्हणायची सोयच ठेवलेली नाही. कर्ण्यावर आणि ट्रॅक्टरवर मात्र त्यातलं काही चढलं नाही.

बोलण्यावरून आठवलं, तू पुण्याला गेलीस तेव्हा तुझ्या मैत्रिणी हसल्या होत्या ना, तू 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतेस म्हणून? आपण कोल्हापूरकडच्या बायका तशाच बोलतो. पत्रात मी 'बसले' लिहिते आणि तोंडानं 'बसलो' म्हणते. तू आता ते सोडलंस. मला त्याचं थोडं वाईट वाटलं होतं, तेव्हा बोलले नाही.

आता तुझ्या ड्रेसचं. फोटो मी मोठा करून नीट बघितला. ब्लाउज मागं दोन नाड्यांवर, पुढं खोल, बाही नाहीच. घागरा कमरेच्या चार बोटं खाली, घेर कमी, एका बाजूनं मांडीपर्यंत उघडा. कापडाचं मला काही नाही, कमी-जास्त कापड मी रोज कापते. पण तुझं अंग मला माहीत आहे. तुझा पहिला कथकचा अंगरखा मी बेतला, तेव्हापासून सगळे मीच बेतलेत. तू चक्कर घेताना हात उचलतेस तेव्हा खांदा किती वर येतो, श्वास भरतेस तेव्हा बरगडी किती फुलते, ते माझ्या वहीत इंचांत लिहिलेलं आहे. या ब्लाउजमध्ये तुझा हात खांद्याच्या वर जाणार नाही. घातल्यावर तुला वाकता येणार नाही, बसता येणार नाही, तीन-चार ठिकाणी पिना माराव्या लागतील. एक चक्कर घेतलीस तर नाडी सुटेल. म्हणजे या ड्रेसमध्ये तुला नाचता येणारच नाही, चिऊ. उभं राहून हलता येईल, बस्स. ज्यानं हे चित्र काढलं त्याच्या डोक्यात तुझी आठ वर्षं कुठंच नाहीत. त्यानं हे कॅमेऱ्याच्या मापानं बेतलंय. तुझ्या जागी दुसरी कुणी उभी केली तरी त्याचं भागणार आहे, हे मला जास्त लागलं.

म्हणून विचारून बघ. कॅमेरा तुझ्या पायांवर किती वेळ राहणार आहे? तुझं तोंड दिसणार की मानेखालचंच? एक कडवं तुझ्या आवाजात का नको? तू गातेस चांगली. तुझे पैसे किती, कधी, आणि लिहून कोण देणार? ते नाही म्हणतील कदाचित. दुसरी मुलगी बघू म्हणतील. तसं झालं तर तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल, आणि त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. करायचं ठरवलंस तरी म्हणणार नाही. पोट, नाव, हौस, सगळं तुझं आहे आणि निर्णयही तुझाच.

मी एक कागदी कटिंग काढून ठेवलं आहे. रंग त्यांचाच, जर तीच. पाठ उघडी ठेवली आहे, तुझी पाठ ताठ आहे, चांगली दिसते. पण गळ्याला आतून पट्टी दिली आहे आणि बगलेत एक चौकोनी तुकडा जोडला आहे, म्हणजे हात पुरा वर गेला तरी ब्लाउज जागचा हलणार नाही. घागऱ्याला बारा कळ्या. गिरकी घेतलीस की गोल फुलेल आणि पायांतले घुंगरू दिसतील. त्याचा फोटो उद्या पाठवते, तो त्यांना दाखव. आणि सगळं बोलून झाल्यावर त्यांचाच हवा असं ठरलं, तर तोही मीच शिवेन. दुसऱ्या टेलरकडं टाकू नकोस. त्याला तुझा खांदा माहीत नाही.

मापं नव्यानं पाठव, जुनी दीड वर्षापूर्वीची आहेत. छाती, कंबर, बाहीचा घेर, आणि हात पुरा वर करून बगलेपासून कमरेपर्यंत. मैत्रिणीकडून घे, स्वतःचं स्वतः घेऊ नकोस, चुकतं. कुठलाही शिवला तरी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवते आहे. तिथं गेल्यावर घट्ट वाटला तर कुणाकडूनही उसवून घेता येईल.

तुझी,
आत्या